टर्बो गेला की टर्बोच्या तोंडचा पाइप?

गौरी-गणपतीचे विसर्जन झाले की कोकणातल्या घाटांखालच्या गॅरेजांत एक वाक्य हमखास कानी पडते: "टर्बो गेला." पाच-सात दिवस गावच्या घरासमोर, माडाखाली किंवा मांगराच्या कडेला उभी राहिलेली गाडी परतीला निघते, सपाटीवर तिच्यात काही उणे जाणवत नाही, आणि कुंभार्ली, आंबा, फोंडा किंवा आंबोलीची चढण सुरू झाली की ती एकाएकी दम सोडते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही तिसरा गियर पेलत नाही, बोनेटखालून हवा फाटल्यासारखा आवाज येतो, आणि कधी कधी समोरच्या पट्टीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. त्यानंतर नव्या टर्बोची किंमत ऐकून मालकाचा चेहरा उतरतो.

यांतल्या काही गाड्यांचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून ढकलणारा भाग, खरोखरच निकामी झालेला असतो. काही गाड्यांत मात्र टर्बो धडधाकट असून त्याच्या तोंडाशी बसवलेला एक रबरी किंवा प्लास्टिकचा पाइप फाटलेला असतो, आणि तो बदलला की गाडी पूर्ववत ओढू लागते. हा पाइप टर्बोच्या मानाने किरकोळ किमतीचा असला, तरी तो फाटलेला असताना गाडी चालवत राहिल्यास धडधाकट टर्बो आणि त्यामागोमाग इंजिनही खराब होऊ शकते. म्हणून हा भाग काय आहे आणि तो फाटल्यावर नेमके काय बिघडते, हे गाडीच्या मालकाने समजून घेतलेले बरे. त्यासाठी मेकॅनिक होण्याची गरज नाही.

इंजिन पिते त्याहून अधिक श्वास घेते

आपण पंपावर डिझेलचा हिशेब करतो, हवेचा करत नाही, कारण हवा फुकट मिळते. एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १० हजार लिटर हवा लागते, आणि डिझेलचे इंजिन प्रत्यक्षात याहून बरीच जास्त हवा आत घेते. दीड लिटरचे इंजिन मिनिटाला २ हजार फेरे फिरत असेल, तर टर्बोशिवायही ते मिनिटाला सुमारे दीड हजार लिटर हवा ओढते. टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, तर हा आकडा ३ हजारांच्या आसपास जातो. घरावरच्या हजार लिटरच्या तीन टाक्या एका मिनिटात रिकाम्या व्हाव्यात, एवढी ही हवा असते.

टर्बोचे काम एका वाक्यात सांगता येते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुराच्या झोताने एक चाक फिरते, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक असते, आणि ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात ढकलते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. आज छोट्या पेट्रोल गाड्यांपासून मालवाहू ट्रकपर्यंत ती सर्वत्र दिसते, कारण लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचे काम करून घेण्याचा तो स्वस्त मार्ग आहे.

हवेचा रस्ता ठरलेला असतो. ती आधी एअर फिल्टरच्या डब्यात जाते, तिथल्या कागदी फिल्टरमधून गाळली जाते, आणि पुष्कळ गाड्यांत डब्याच्या तोंडाशीच असलेल्या एका छोट्या उपकरणावरून पुढे सरकते. किती हवा आत चालली आहे, हे मोजून गाडीच्या संगणकाला कळवणारे हे उपकरण म्हणजे एअर फ्लो सेन्सर. त्याच्या पुढे टर्बोच्या तोंडापर्यंत जाणारा जो पाइप, तोच आपल्या लेखाचा विषय असलेला टर्बोचा इनलेट पाइप. टर्बोतून दाबून बाहेर पडलेली हवा पुढे वेगळ्या पाइपांतून इंटरकूलर नावाच्या जाळीत थंड होते आणि मग इंजिनात शिरते. टर्बोच्या आधीचे पाइप आणि नंतरचे पाइप यांत गॅरेजांतही पुष्कळदा गल्लत होते, आणि निदान चुकते ते तिथेच.

विहिरीवरचा पंप आठवा

ज्याच्या घरामागे विहीर आणि काठावर मोटर आहे, त्याला हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही. पंपाच्या डिलिव्हरीच्या पाइपाला भोक पडले, तर पाण्याचे कारंजे उडते, अंगण भिजते आणि भोक कुठे आहे ते लांबूनही दिसते. तेच भोक विहिरीत सोडलेल्या सक्शनच्या पाइपाला, पाण्याच्या वरच्या भागात पडले, तर बाहेर एक थेंबही सांडत नाही. पंप पाण्याऐवजी हवा ओढू लागतो, धार बारीक होते, मोटर नुसती घरघरते, आणि आपण पंप उघडून त्यात दोष शोधत बसतो.

टर्बोचा इनलेट पाइप हा सक्शनचा पाइप आहे. टर्बो जोराने हवा ओढत असतो, म्हणून या पाइपातला दाब बाहेरच्या दाबापेक्षा थोडा कमी असतो, आणि त्याला फट पडली की हवा बाहेर न येता बाहेरचीच हवा आत शिरते. इंटरकूलरकडे जाणारे पाइप हे डिलिव्हरीचे; ते फाटले की दाबलेली हवा सुसाट बाहेर पडते, फुसफुस आवाज होतो, आणि डिझेल गाडी बऱ्याचदा काळा धूर टाकते, कारण मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल सोडले जाते आणि हवा मात्र वाटेतच निसटलेली असते. दोन्हींत गाडी ओढत नाही, म्हणून वरवर दोन्ही रोग सारखेच वाटतात, पण परिणामांच्या दृष्टीने सक्शन बाजूचा रोग अधिक कपटी आहे.

याचे कारणही विहिरीतच सापडते. सक्शनच्या टोकाला जाळीचा फूटव्हॉल्व्ह असतो, तो पालापाचोळा आणि गाळ अडवतो. त्या जाळीच्या वर पाइप फुटला आणि त्या जागी गढूळ पाणी असेल, तर जाळीला वळसा घालून गाळ थेट पंपात जाईल. गाडीत एअर फिल्टर हीच जाळी आहे आणि इनलेट पाइप तिच्या पुढे आहे. पाइपाला फट म्हणजे गाळणीला बाजूने वाट, मग फिल्टर कितीही नवा आणि महागाचा असो.

धुळीचा कण किती नुकसान करील?

हा प्रश्न स्वाभाविक आहे, कारण आपणही रोज धूळ खातो आणि फार काही होत नाही. टर्बोचे चाक मात्र वेगळ्या जगात राहते. मोटारीतल्या टर्बोचे हवा ओढणारे चाक जेमतेम ४५ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे घरच्या करंजीहूनही लहान, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचे असते. ते मिनिटाला २ लाख फेऱ्यांपर्यंत जाऊ शकते, आणि त्या वेगाला पात्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४७० मीटर, म्हणजे हवेतल्या आवाजाच्या वेगापेक्षाही जास्त होतो. या वेगाने पाते वाळूच्या कणावर आदळले, की कण नव्हे, पाते झिजते. कडा बोथट होतात, खाचा पडतात, चाकाचा तोल किंचित ढळतो, आणि तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत फिरणारा दांडा बेअरिंग खाऊ लागतो.

टर्बोतून निसटलेली धूळ पुढे इंटरकूलरमध्ये अडत नाही, कारण इंटरकूलर गाळणी नसून नुसता थंड करणारा भाग आहे. ती सिलिंडरमध्ये पोहोचते, पिस्टनच्या रिंगा आणि भिंत यांच्यामध्ये कानशीसारखे घासते, आणि उरलेली इंजिन ऑइलमध्ये मिसळून बाकीच्या बेअरिंगांना भेटायला जाते. हे सारे एका दिवसात होत नाही, काही हजार किलोमीटरांत होते, म्हणूनच मालकाला त्याचा पाइपाशी संबंध लागत नाही. इंजिन ऑइल खाऊ लागते आणि दोष ऑइलच्या ब्रँडला दिला जातो.

कोकणात या धुळीला स्वतःचा रंग आहे. आपली जमीन जांभ्याची, आणि जांभा म्हणजे लोह व अ‍ॅल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी भरलेला खडक. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीमागे उडणारा लाल फुफाटा ज्याने पाहिला आहे, त्याला फिल्टरशिवाय श्वास घेणाऱ्या इंजिनाची कल्पना करता येईल. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाची कामे वर्षानुवर्षे चालली, त्या काळात तर पक्क्या रस्त्यालाही कच्च्या रस्त्याची कळा आली होती.

पांढरी चिंधी आणि लाल रेघ

हाच लाल रंग निदानाला उपयोगी पडतो, आणि हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो. माझी डिझेल गाडी चढाला मरगळल्यावर घाटाखालच्या एका गॅरेजात टर्बो बदलण्याचा सल्ला मिळाला होता. तो मान्य करण्याआधी इंजिन थंड होऊ दिले आणि इनलेट पाइप काढून पाहू या, असा आग्रह धरला. पाइप बाहेरून ठीक दिसत होता. त्याच्या मधोमध हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असतात, इंजिनाच्या हालचालीबरोबर पाइप वाकावा म्हणून. त्या घड्या हाताने ताणल्या तेव्हा खालच्या बाजूच्या एका खोबणीत बोटभर लांबीची चीर उघडली, आणि हात सोडताच ओठ मिटावेत तशी ती मिटली. आत पांढरी चिंधी फिरवली. फिल्टरकडच्या बाजूने ती नुसती तेलकट काळपट झाली. चिरेपासून टर्बोकडच्या बाजूने मात्र चिंधीवर स्पष्ट लाल रेघ उमटली. आतल्या तेलकट थरावर जांभ्याची धूळ चिकटून बसली होती, आणि ती नेमकी चिरेपाशी सुरू होत होती.

मिटलेली चीर भाराखाली उघडते, हीच सपाटीवर बरी आणि घाटात आजारी असणाऱ्या गाडीची गुरुकिल्ली असते. चढावर इंजिन जोर लावताना आपल्या बैठकीवर कलते, पाइप ताणला जातो, टर्बोची ओढही वाढलेली असते, आणि चीर आ वासते. गॅरेजात गाडी जागेवर उभी करून रेस दिली तर यातले फारसे काही घडत नाही, मग मेकॅनिक म्हणतो, "पाइप बघितला, ओके आहे." इंजिनाचे एखादे माउंटिंग, म्हणजे ही बैठक, तुटले असेल, तर इंजिन अधिक हलते आणि नवा पाइपही त्याच जागी पुन्हा फाटतो, म्हणून पाइप बदलताना माउंटिंग तपासून घेणे श्रेयस्कर.

"दिवा लागलेला नाही, मग कसली काळजी?"

बऱ्याच मालकांचा हा पहिला आक्षेप असतो, आणि तो अर्धा खरा आहे. ज्या पेट्रोल गाडीत एअर फ्लो सेन्सर असतो, तिथे चिरेतून शिरलेली हवा सेन्सरने मोजलेलीच नसते. संगणक मोजलेल्या हवेपुरते पेट्रोल सोडतो, आत हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडते, धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो, संगणक पेट्रोल वाढवून तोल सांभाळायला बघतो, आणि ही सावरासावर मर्यादेबाहेर गेली की दिवा लागतो. स्कॅनर जोडल्यावर तेव्हा 'मिश्रण पातळ' अशा अर्थाचा पी-०१७१ हा कोड सहसा दिसतो. टर्बोचा दाब अपेक्षेहून कमी पडत असल्याचे सांगणारा कोड पी-०२९९ आहे, आणि टर्बो बदलण्याचे सल्ले पुष्कळदा या एका कोडवर दिले जातात. हा कोड दाब कमी असल्याचे सांगतो, तो का कमी आहे हे सांगत नाही. ताप आहे एवढे थर्मामीटर सांगते, मलेरिया की टायफॉइड हे नाही.

डिझेल गाडीत गोष्ट आणखी वेगळी. तिथे सेन्सरला हवा कमी दिसली, की धूर होऊ नये म्हणून संगणक डिझेलच आखडते घेतो आणि गाडी मलूल होते. फरक फार मोठा असेल तर संगणक ताकद मुद्दाम मर्यादित ठेवतो, ज्याला गॅरेजात लिंप मोड म्हणतात. चीर लहान असेल, तर मात्र सगळे हिशेब मर्यादेत बसतात, दिवा लागत नाही, आणि धूळ आत जातच राहते. ज्या गाड्यांत हवेचे गणित टर्बोनंतरच्या दाबावरूनच केले जाते, तिथे या चिरेची संगणकाला दखलही लागत नाही. दिवा हिशेब चुकल्याचा असतो, धूळ शिरल्याचा नव्हे.

पाइपात तेल दिसले म्हणजे टर्बो संपला का?

नाही, आणि या एका गैरसमजापोटी बरेच पैसे वाया जातात. इंजिनाच्या पोटात साचणारी तेलकट वाफ बाहेर सोडून न देता एका बारीक नळीने इनलेट पाइपातच आणून सोडलेली असते, म्हणजे ती इंजिनात जाऊन जळावी. त्यामुळे निरोगी गाडीच्या पाइपातही तेलाचा पातळ थर असतो. बोटाला चिकटेल इतके तेल ठीक. पाइप वाकवल्यावर ओघळेल इतके असेल, तर त्या वाफेचा मार्ग तुंबला आहे, इंजिनाच्या रिंगा झिजल्या आहेत की टर्बोचे तेल गळते आहे, हे क्रमाने तपासावे लागते. ही बारीक नळी आणि तिचा जोड हेही चिरण्याचे ठिकाण आहे. पाइप शाबूत आणि नळीचा जोड तुटलेला, अशा गाड्या कमी नाहीत.

टर्बोची स्वतःची तपासणी पाइप काढल्यावर दोन मिनिटांत होते. इंजिन बंद आणि गार असताना टॉर्चच्या उजेडात पात्यांच्या कडा पाहाव्यात, खाचा किंवा वाकलेले टोक दिसते का ते बघावे. मग मधला नट हलकेच बोटांनी धरून दांडा हलवून पाहावा. आडवा किंचित हालणे बहुतेक टर्बोंत नैसर्गिक असते, कारण तिथे तेलाच्या थरासाठी जागा सोडलेली असते. पाते बाहेरच्या कवचाला घासत असेल, किंवा दांडा आत-बाहेर जाणवण्याइतका सरकत असेल, तर टर्बोचे काम निघालेच. पाइप काढलेला असताना इंजिन कोणत्याही कारणाने सुरू करू नये. उघड्या तोंडाचा टर्बो चिंधी, नट आणि बोट यांत भेद करत नाही.

टेप, एमसील आणि इतर जुगाड

आपल्याकडे होडीपासून पंपापर्यंत सर्व काही बांधून चालवण्याची परंपरा आहे, आणि ती कामाची परंपरा आहे. घाटात अंधार पडला आहे, पाऊस आहे, घरचे लोक गाडीत आहेत, अशा वेळी पाइपावर टेप गुंडाळणे चूक नव्हे. पण ते कसे आणि कितीपत चालेल, हे सक्शन बाजूच्या नियमाने ठरते.

आत ओढ असल्यामुळे फटीवर बाहेरून लावलेली टेप पाइपाला बिलगते, ही जमेची बाजू. त्याच ओढीने टेपचे सुटलेले टोक फटीतून आत गेले, तर ते टर्बोत जाते, ही खर्चाची बाजू. साधी चिकटपट्टी तेलकट रबरावर आणि इंजिनाच्या उष्णतेत तासाभरात सोडते. गोंद नसलेली, ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी सिलिकॉनची टेप त्या मानाने टिकते. तेल पुसून, फटीच्या दोन्ही बाजूंना चार बोटे पुढे जाऊन ती घट्ट गुंडाळावी. एमसील लावू नये. ते दगडासारखे घट्ट होते, वाकणाऱ्या पाइपावर ते तडकते, आणि तडकलेला कपचा जायला टर्बोशिवाय दुसरी जागा नसते.

एक गोष्ट मात्र टेप लावण्याच्याही आधी तपासायची. पाइपाचा तुकडा निघालेला असेल, तर तो तुकडा कुठे आहे? तो खाली किंवा इंजिनावर सापडला तर उत्तम. सापडला नाही, तर गाडी सुरू न करता पाइप काढून टर्बोच्या तोंडात पाहावे, आणि ते जमत नसेल तर गाडी टो करून न्यावी. टेप लावलेली गाडी हळू, कमी फेऱ्यांवर, धुळीचा रस्ता टाळून जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यासाठी असते. मुंबईला जाऊन महिन्याभराने बघू, यासाठी नसते.

पावसात हिशेब बदलतो

कंपनीने हवेचे तोंड मुद्दाम उंच, बोनेटच्या पुढच्या कडेपाशी ठेवलेले असते, म्हणजे रस्त्यावर साचलेले पाणी तिथवर पोहोचू नये. इनलेट पाइप मात्र तिथून उतरत टर्बोकडे येतो, आणि पुष्कळ गाड्यांत टर्बो इंजिनाच्या मागे, खालच्या बाजूला असतो. तिथे चीर असली की गाडीचे खरे तोंड तेवढे खाली आले. एरवी ज्या पाण्यातून गाडी सुखरूप गेली असती, त्याच पाण्यातून चाकांनी उडवलेला सपकारा चिरेतून आत जाऊ शकतो. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते पुरेसे शिरले तर पिस्टन वर येताना अडतो आणि त्याचा दांडा वाकतो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी चढले, तेव्हा कित्येक गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी पाणी ओसरल्यावर चावी फिरवून बघणे किती महागात पडते, ते तेव्हा अनेकांना कळले. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नये, आणि इनलेट पाइप फाटलेला असेल तर पाण्यात घालूच नये. विमा उतरवताना हेही पाहावे, की इंजिनात पाणी शिरून होणारे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरलेले नसते, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचे वेगळे कलम घ्यावे लागते.

फट नेमकी कुठे, हे शोधावे कसे

डोळे आणि हात हे पहिले साधन. पाइप ताणून, वाकवून, खालच्या बाजूने आरसा धरून पाहावा. दोन्ही टोकांच्या क्लिपा हलवून पाहाव्यात. खाऱ्या हवेत त्या गंजतात आणि दिसायला घट्ट असूनही पकड सोडून बसतात. फिल्टर बदलल्यानंतर लगेच दोष सुरू झाला असेल, तर डबा आणि पाइप नीट बसवलेले नाहीत, अशी शंका आधी घ्यावी.

साबणाच्या पाण्याची युक्ती इथे फसते. टायरच्या पंक्चरला बुडबुडे येतात, कारण हवा बाहेर येते; इथे ती आत जाते, त्यामुळे बुडबुडे येत नाहीत आणि फेस आत ओढला जातो. पाइपाची तोंडे बंद करून, आत अगदी हलक्या दाबाने हवा भरून मगच साबण लावला तर उपयोग होतो. त्याहून खात्रीची पद्धत म्हणजे धूर. धुराच्या यंत्राने पाइपात पांढरा धूर भरला की केसाएवढ्या चिरेतूनही तो दिसतो. काही जण चालू इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारून इंजिनाचा आवाज बदलतो का पाहतात. टर्बोचे धुराकडचे कवच कित्येक शे अंश तापलेले असते, त्याच्या वीतभर अंतरावर असा स्प्रे मारणे म्हणजे गवताच्या उडवीशेजारी आगकाडी ओढणे.

पाइप फाटलेला नसून आत चेपत असेल, अशीही एक शक्यता असते. शहाळ्याची मलई नळीत अडकली की जोराने ओढताना नळी चपटी होते. फिल्टर धुळीने तुंबला किंवा भिजला, की मऊ पडलेला पाइप भाराखाली तसाच चपटा होतो. अशा वेळी फिल्टर आणि पाइप दोन्ही बदलावेत.

"सिलिकॉनचा रंगीत पाइप अधिक मजबूत नाही का?"

निळ्या-लाल सिलिकॉन पाइपांचे आकर्षण समजण्याजोगे आहे, आणि उष्णता ते चांगली सोसतात. पण साधे सिलिकॉन इंजिनाच्या तेलकट वाफेने फुगते व मऊ पडते, आणि याच पाइपात तर ती वाफ येत असते. तेल सोसणारा फ्लोरोसिलिकॉनचा आतला थर असेल तरच असा पाइप इथे घ्यावा. शिवाय सक्शन बाजूच्या पाइपात चेपण्याला विरोध करणारी तार किंवा कडी हवी. डिलिव्हरीसाठी बनवलेला पाइप आतून येणारा दाब सोसतो, बाहेरून येणारा नव्हे. सेन्सरचा आणि बारीक नळीचा जोड जागच्या जागी बसला पाहिजे, हे तर आहेच. वॉरंटीतल्या गाडीला बाहेरचा पाइप लावण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. माझे मत विचाराल तर रोजच्या वापराच्या गाडीला कंपनीच्या मापाचा मूळ पाइप आणि दोन नव्या क्लिपा पुरतात. क्लिप जीव खाऊन आवळू नये, ती रबर कापते किंवा प्लास्टिकचे तोंड तडकवते, आणि तोच दोष वर्षभराने पुन्हा भेटतो.

उंदरांचे काय करावे

माझ्या पाइपाची चीर वयाने पडली होती. गावी उभ्या राहिलेल्या गाड्यांत मात्र उंदीर हा मोठा गुन्हेगार आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवण्यासाठी त्याला काही ना काही कुरतडावेच लागते, आणि पावसाळ्यात कोमट, कोरडे बोनेट त्याला माळ्याहून सोयीचे वाटते. कडा फाटलेल्या नसून खरवडलेल्या असतील, जोडीजोडीने दातांच्या बारीक खुणा असतील, आजूबाजूला भाताचा कोंडा, पेंढा किंवा नारळाच्या सोडणाचे तंतू सापडले, तर शंका नको. अशा वेळी नुसता पाइप न पाहता जवळच्या वायरीही पाहाव्यात, आणि फिल्टरचा डबा उघडून आत घरटे नाही ना, याची खात्री करावी.

बोनेटमध्ये तंबाखूची पाने ठेवण्याचा उपाय बऱ्याच घरांत करतात. वास असेपर्यंत त्याचा थोडा उपयोग होत असावा, पण सुटी पाने हवेच्या तोंडाजवळ ठेवणे म्हणजे एक धोका टाळताना दुसरा ओढवून घेणे. गाडी पेंढ्याच्या उडवीपासून आणि सोडणांच्या ढिगापासून दूर उभी करावी, दोन-तीन दिवसांनी बोनेट उघडून पाहावे, आणि परतीच्या आदल्या संध्याकाळीच डिकीत ठेवलेले सुके बोंबील व सोडे रात्रभर गाडीत राहू देऊ नयेत. त्यांचा वास आपल्याला मुंबईत आवडतो, उंदराला गावातच आवडतो.

पाइप बदलल्यानंतर

पाइप बसवण्याआधी टर्बोच्या तोंडात कोंबलेली चिंधी आठवणीने काढावी. ती मोजून एक ठेवलेली बरी. जुन्या चिरेतून बराच काळ धूळ गेली असेल, तर फिल्टर बदलावा आणि मुदत व्हायची वाट न पाहता ऑइल व ऑइल फिल्टरही बदलून घ्यावेत. टर्बोनंतरच्या पाइपात आणि इंटरकूलरच्या तोंडाशी लाल थर दिसला, तर तो साफ करावा. एअर फ्लो सेन्सर मळला असेल, तर त्याच्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेनेच स्वच्छ करावा, त्याची तार बोटाने किंवा चिंधीने पुसू नये. कोड पुसून टाकावेत आणि गाडी सपाटीवर न फिरवता चढाला नेऊन पाहावी, कारण दोष तिथे दिसला होता.

त्यानंतर हजारेक किलोमीटर झाल्यावर मी पाइपाची टर्बोकडची क्लिप एकदा पुन्हा सैल केली आणि पांढरी चिंधी आत फिरवली. ती तेलकट काळपट निघाली. लाल नव्हती.